दीड इंच माया

आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. बाईचं अंग भरलं की शिवण उसवायची, मायेतून हवं तेवढं सोडायचं, तोच ब्लाउज पुन्हा बसतो. हल्लीच्या बुटिकवाल्या पाव इंच ठेवतात, मी दीड ठेवते. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत एप्रिल आला की जयंतीच्या पांढऱ्या साड्यांवरच्या पांढऱ्या ब्लाउजांचा ढीग माझ्या मशीनपाशी लागतो, आणि त्यातले निम्मे मागच्या वर्षीचेच असतात, नुसते सैल करून द्यायचे. नवे शिवायला आले असते तर मला बरंच होतं. पण कमी माया ठेवायला माझा हात धजत नाही, त्याला मी तरी काय करू.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात माझी चूक किती आणि किती नाही, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

मला एक धाकटी नणंद आहे. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. यंत्राचे भाग मोजायचे आणि केसाच्या अंशाइतका फरक निघाला तरी नापास करायचे, हे तिचं काम. घरातही तेच चालतं. पोळी गोल नसली तर बोलत नाही, नुसती बघते. तिने लग्न केलं नाही आणि का केलं नाही हे विचारायचं आम्ही कधीच सोडून दिलं. आमच्याच घराच्या वरच्या खोलीत राहते, जेवायला खाली येते.

काही वर्षांपूर्वी तिला छातीत गाठ निघाली. एक बाजू काढून टाकली, केस गेले, परत आले. तिच्या आतल्या कपड्यांना एका बाजूने कापसाची उशी मीच शिवून देते. पाच वर्षांनी रिपोर्ट स्वच्छ आला तेव्हा आम्हाला वाटलं, ही आता पेढे वाटेल. ही कुठल्या तरी परराज्यात गेली, एका शिकवणाऱ्याच्या अंगाला पट्ट्यांनी बांधून घेतलं आणि विमानातून उडी मारून आली. आल्यावर म्हणाली, पुन्हा जाणार. तेव्हापासून तिची एकूण एक रजा आकाशातच जाते. माझे मिस्टर, म्हणजे तिचे थोरले भाऊ, अजून विचारतात की आपण हिला बरी केली ती यासाठी का.

मागच्या दिवाळीआधी ती सांगत आली की सोळा बायका मिळून आकाशात एक फूल करणार आहेत. एका विमानातून उडी मारायची, पडता पडता एकमेकींना धरायचं, सोळाच्या सोळा जणी जोडल्या गेल्या की वरून फोटो निघतो. आपल्याकडे इतक्या बायकांनी असं कधी केलेलं नाही, म्हणून त्याचं रेकॉर्ड होईल. रेकॉर्डच्या निमित्ताने लोक देणगी देतील, आणि तिच्यातून कॅन्सरच्या पेशंटांबरोबर आलेल्या नातेवाइकांसाठी राहायची सोय होईल. उपचार चालू असताना मी तिच्याबरोबर जायचे, तेव्हा दवाखान्याबाहेर फुटपाथवर झोपलेली माणसं दोघींनी पाहिली होती. त्यामुळे सोय हवी हे मला पटलं. उडीचं मात्र कळलं नाही. मी विचारलं, नुसतीच देणगी का मागत नाही? ती म्हणाली, मागितल्यावर लोक खाली बघतात, कोणी वरून पडायला लागलं की वर बघतात. मी मान डोलावली. न कळताच मान डोलवायची सवय मला लग्नानंतर लागली.

गोंधळलेली मी एकटीच नव्हते. शेजारची बाई आपल्या आईचे रिपोर्ट घेऊन आली आणि बरं व्हायला किती उड्या घ्याव्या लागतात ते हळूच विचारून गेली. तिला समजावताना मला हसू आलं, आणि ती गेल्यावर रडूही आलं.

माझं काम असं की त्यांच्या सूटना दंडावर आणि मांडीवर धरायच्या मुठी शिवून द्यायच्या. आकाशात कापड हाताला लागत नाही, सुळकन निसटतं. म्हणून फोम भरलेली वीतभर लांब गुंडाळी सूटवर पक्की शिवतात, शेजारणीने तीच पकडायची. इंग्रजीत तिला ग्रिप म्हणतात. मी पहिली शिवून हातात दिली आणि म्हटलं, घे तुझं पडवळ. ते नाव सगळ्यांना चिकटलं. नाशिक रोडलाच एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये त्या सोळाजणी सराव करायच्या. चाकं लावलेल्या फळ्यांवर पोटावर पालथ्या पडून, फरशीवर सरकत एकमेकींकडे जायच्या. मधे उभ्या असायच्या त्यांच्या मॅडम, सैन्यातून निवृत्त झालेल्या, केस बारीक कापलेल्या. त्या ओरडायच्या, "डोळे समोर, हात पडवळावर." मी दारात सुईदोरा घेऊन बसायचे. परगावच्या शिकलेल्या बायका माझ्या तोंडचा शब्द वापरतात याचा मला फार आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू.

दिवाळी झाल्यावर नणंद म्हणाली, सूट जरा सैल वाटतोय. मी आत घेतला, टिपेच्या आत आणखी एक टीप मारली. माया अर्थातच कापली नाही. नवीन वर्ष लागल्यावर ती परत तेच म्हणाली. तेव्हा मात्र मी टेप घेतली. माझ्या वहीत तिची कंबर बत्तीस लिहिलेली होती, आता तीस भरली. मी पुन्हा मोजलं, तीसच.

कापडाची टेप जुनी झाली की ताणली जाते, आणि ताणलेल्या टेपने माप कमी भरतं. कुठल्याही टेलरला विचारा. मी टेपवर खापर फोडलं. तिला म्हटलं, टेप बाद झालीय, नवीन आणते. ती वर गेली, कारखान्यातली स्टीलची पट्टी घेऊन आली, माझी टेप जमिनीवर सरळ केली आणि गुडघ्यांवर बसून पट्टी पुढे पुढे सरकवत मोजली. तिच्या कामाच्या वेळी तिचा चेहरा कसा होत असेल ते मी तेव्हा पाहिलं.

"टेपने अर्धा इंच खाल्लाय, वहिनी," ती म्हणाली.

बाकीचा दीड इंच कोणी खाल्ला, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सूट दुसऱ्यांदा आत घेतला आणि नवीन टेप मात्र आणली. जुनीही टाकवली नाही, दोन्ही मशीनच्या ड्रॉवरमध्ये पडून असतात.

मी स्वतःची समजूत घालत होते. सराव करते, धावते, रात्रीची चपाती सोडलीय, वजन उतरणारच. कॉलनीतल्या बायका मला विचारायच्या, तुझ्या नणंदेने कुठलं डाएट धरलंय, आम्हालाही सांग. मग एक दिवस ती शिशाच्या गोळ्यांच्या पिशव्या घेऊन आली आणि म्हणाली, सूटच्या पुढच्या भागाला आतून खिसे लाव. हे कशाला, तर सगळ्या जणींनी एकाच वेगाने खाली पडायला हवं. हलकी बाई सावकाश पडते, ती वरच तरंगत राहते आणि बाकीच्या खाली निघून जातात. म्हणून हलकीने अंगावर शिसं बाळगायचं.

मी खिसे कापायला घेतले आणि माझी कात्री थांबली. पहिल्या गाठीच्या वेळीही ती आधी अशीच हलकी झाली होती, आणि तेव्हाही आम्ही सगळे म्हणालो होतो की किती छान बारीक झाली.

दुसऱ्या दिवशी तिला मापासाठी उभं केलं. हात वर करून ती पाठमोरी उभी होती. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच मला विचारता आलं.

"पुन्हा आलंय का?"

तिने हात खाली घेतले नाहीत. "फेब्रुवारी होऊ दे, वहिनी," म्हणाली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उड्या होत्या. डॉक्टरांनी उपचार लगेच सुरू करायला सांगितलं होतं, हे तिने नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. ती बसली तर पंधराच उरणार होत्या, आणि राखीव ठेवलेली बाई घोटा मुरगळून घरी बसली होती. मॅडमना कळलं असतं तर त्यांनी हिला विमानाच्या पायरीवरूनही उतरवलं असतं. मिस्टरांना कळलं असतं तर त्यांनी खोलीला कडीच घातली असती. मला कळलं होतं, आणि मी खिसे लावत बसले होते. सांगावं तर तिचं एवढं मोठं जमत आलेलं मोडतं, न सांगावं तर आजार वाढतो. रोज सकाळी ठरवायचे की आज मिस्टरांच्या कानावर घालू, आणि ते डबा घेऊन बाहेर पडेपर्यंत गप्प बसायचे. एक महिना, एवढंच. एका महिन्यात असं काय होणार. आणि झालं तर? मला काहीच सुधरत नव्हतं.

उड्या दिंडोरीच्या बाजूला होत्या, द्राक्षबागांच्या मधल्या एका खासगी धावपट्टीवर. मी शुक्रवारपासून रोज गेले, पडवळं सांभाळायला. शेजारच्या बागेचा मालक सकाळीच येऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, तुमी कुठंबी उतरा, पण बागंत नका उतरू. घड भरत आलाय. अन् वर सगळ्या तारा हायेत, कापून निघाल." बिचारा घडांसाठी आला होता की बायकांसाठी, ते त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. मग तोही तिथेच मान वर करून बसला.

शुक्रवार वाऱ्यात गेला. शनिवारी दोनदा विमान वर गेलं. खालून काही म्हणता काही दिसत नाही. ठिपके दिसतात, मग ठिपक्यांचा पुंजका होतो, आणि त्यातली आपली कोणती हे कळायच्या आत पॅराशूट उघडतात. मी मनातल्या मनात त्रिसरण म्हणायचे, आणि मधेच विसरून पहिल्यापासून सुरू करायचे. दोन्ही वेळा फूल अर्धंच झालं. फोटोत एक बाई बाकीच्यांच्या वर एकटीच तरंगताना दिसत होती, ती आमचीच. मॅडमनी तिला आणखी दोन पिशव्या शिसं घ्यायला लावलं आणि तिच्या सूटकडे बघून म्हणाल्या, एवढा ढगळ कसा झाला? सैल कापडात हवा भरते.

त्या पुढच्या बाईकडे वळल्या. पण त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं ते मला दिसलं.

त्या संध्याकाळी नणंद न जेवता झोपली. सूट खुंटीला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी तो काढला आणि आत घेतला, काखेपासून कंबरेपर्यंत आणि पुढे डाव्या बाहीला. पुढच्या भागावर शिशाचे खिसे शिवणीला अगदी लागून होते, म्हणून पुढचं कापड तसंच ठेवलं आणि सगळं मागूनच ओढलं. दोन्हीकडून सारखं घ्यायचं असतं, नाहीतर बाही फिरते. हे मी धंद्याच्या पहिल्या वर्षी शिकले. नव्या मुलींना मीच शिकवते. त्या दिवशी मला ते आठवलं की नाही, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय आणि दर वेळी वेगळं उत्तर आलंय.

रविवारी शेवटची फेरी. खालून या वेळी पुंजका गोल दिसला आणि गोलच राहिला. द्राक्षवाला सुद्धा उभा राहिला. सगळ्या जणी नीट उतरल्या, धावत आल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. माझी नणंद रडत होती. तिला इतकं मोकळं रडताना मी दवाखान्यातही पाहिलं नव्हतं. मग वरून फोटो काढणारी बाई आली. मॅडमनी लॅपटॉपवर चित्र मोठं केलं आणि एकेक हात बोटाने मोजू लागल्या. रेकॉर्ड तपासायला आलेले परीक्षक शेजारी उभे होते. चौदा, पंधरा, आणि बोट थांबलं.

डावीकडच्या शेजारणीचा हात माझ्या नणंदेच्या दंडापाशी होता, पण दंडावर नव्हता. जिथे पडवळ असायला हवं तिथे साधं कापड होतं, आणि कापडावरून तो हात घसरलेला होता. मधे चार बोटांची फट होती आणि फटीतून खालची द्राक्षबाग दिसत होती. परीक्षकांनी मान हलवली. ती शेजारीण म्हणत होती, "मी जिथे रोज धरते तिथेच धरलं, तिथे नव्हतंच."

नणंदेने आपला उजवा हात डाव्या दंडावर फिरवला. पडवळ मागे फिरलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. नापास झालेल्या भागाकडे ती अशीच पाहत असेल. मग तिने नजर काढून घेतली आणि सगळ्यांना सांगितलं की चूक तिच्या सूटची आहे, शेजारणीची नाही. माझ्याबद्दल एक शब्द काढला नाही.

तिच्या स्कूटरवर मागे बसून मी घरी आले. घरी आल्यावर तिने सूट उलटा केला आणि माझ्या मशीनवर पसरला. आत मायेचं कापड जाड पट्टीसारखं दिसत होतं आणि त्यावर टिपा एकीपुढे एक.

"ही मी सांगितलेली. ही पण मी सांगितलेली. आणि ही?"

"मी घातली," मी म्हटलं. "सैल दिसला असता तर तुला खाली बसवलं असतं त्यांनी."

मला वाटलं आता ही ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती बोटाने ती तिसरी टीप चाचपत राहिली.

"रेकॉर्ड झालं असतं ना वहिनी, तर मी दवाखान्यात गेले नसते," ती म्हणाली. "मी ठरवलं होतं. एकदा ते सगळं केलंय, पुन्हा नाही. हे करायचं आणि बास."

तेव्हा मी चिडले. महिनाभर मी नवऱ्याशी खोटं वागले, झोप घालवली, आणि ते कशाच्या भरवशावर, तर फेब्रुवारी झाला की ही जाईल. मी म्हटलं, मग मला फेब्रुवारी होऊ दे असं कशाला म्हणालीस? ती म्हणाली, काहीतरी म्हणायला हवं होतं. तिला मारावं की पोटाशी धरावं तेच कळेना, आणि दोन्ही न करता मी सूटची घडी घालायला लागले. तिने घडीवर हात ठेवला.

"त्या पंधराजणी पुढच्या वर्षी परत येणार म्हणतायत," ती म्हणाली. "सोळावी कुठून आणतील?" मग म्हणाली, "आतली माया कापू नकोस."

सोमवारी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मिस्टर माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत, आणि नवव्या दिवशी नुसतं चहा दे म्हणाले. मॅडमना मी स्वतः फोन केला आणि शिवण माझी होती हे सांगितलं. त्यांनी विचारलं, तिचं वजन कधीपासून उतरत होतं? मी तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी पडवळ जागेवर पाहिजे. रागावल्या होत्या की नाही, मला कळलं नाही.

मी इतक्या वर्षांत इतकी वाईट बाही शिवली नव्हती. त्या एका बाहीने पंधरा बायकांची मेहनत पाण्यात गेली. त्याच बाहीमुळे माझी नणंद दर तीन आठवड्यांनी सलाईन लावून घेते आहे. हातून चुकलं की हाताने केलं, याचं उत्तर सापडलं तर मी पश्चात्ताप तरी करीन, नाहीतर मिरवीन तरी. तूर्त दोन्ही होत नाही.

तिच्या पहिल्या सलाईनच्या दिवशी मी सूट खाली काढला. तिन्ही टिपा उसवल्या, शिशाचे खिसे काढले, पडवळ मूळच्या खुणेवर आणून दुहेरी शिवलं. माया होती म्हणून सगळं जमलं. सूट पुन्हा बत्तीसचा झाला. ती जिन्यावरून उतरताना बघत होती. म्हणाली, मी त्यात दोनदा मावेन. मी म्हटलं, सूटचं माझं काम झालं, आता त्या मापाला तू यायचंस.

मागच्या मंगळवारी ती स्वतःच येऊन समोर उभी राहिली आणि हात वर केले. मी ड्रॉवरमध्ये हात घातला, टेप काढली, कंबरेला लावली. मागचं माप जुन्या टेपने घेतलेलं होतं. या वेळी अर्धा इंच जास्त भरलं, जुनी टेप खाते तेवढंच. मी ते मोठ्याने सांगितलं आणि वहीत लिहिलं. तिने माझ्या हातातल्या टेपकडे पाहिलं. मी ती न बघताच गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये दुसरीच्या शेजारी टाकली. जुनी होती की नवी, ते मी पाहिलेलं नाही.